इतिवृत्त

लुईस बेटावरच्या आमच्या चर्चमध्ये
ऑर्गन नाही, चित्र नाही, खिडकीच्या काचेला रंग नाही.
आहे तो पुढच्या बाकावरचा एक माणूस
जो स्तोत्राची ओळ देतो,
आणि मग आम्ही ती उचलतो
ज्याच्या त्याच्या वेगाने, ज्याच्या त्याच्या वळणाने,
लाटा एकाच किनाऱ्याला लागतात
पण रांगेने येत नाहीत, तशा.

एकेचाळीस वर्षं तो माणूस तोरक्विल होता.
मग त्याच्या घशात गाठ आली.

फेब्रुवारीत सभा भरली. वडीलजन सात,
हीटर एक, तोही खोकणारा.
मी चिटणीस, वही मांडीवर.
विषय तिसरा: ओळ कोणी द्यावी.

तोरमोद म्हणाला, ऐग्रिगला सगळ्या चाली येतात,
बापाच्या मांडीवर बसून शिकली,
येत नाहीत त्या दोन बापालाही येत नव्हत्या.
कालम म्हणाला, येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही.
हेक्टर मास्तर म्हणाले, प्रेषिताने लिहून ठेवलंय,
बायकांनी मंडळीत गप्प राहावं.
मग रविवारी गातात ते काय?
ते मागून. मागून चालतं.
कुणी म्हणालं, आज ओळ, उद्या व्यासपीठ.
कुणी म्हणालं, पोरं तशीही येईनाशी झालीत.
म्हणूनच, असं दोन्हीकडचे एकदम म्हणाले.

चार विरुद्ध तीन.
चौथा हात माझा.
मी लिहिलं: चर्चा झाली. प्रथा कायम.

हात वर करताना मी प्रेषिताचं नाव घेतलं खरं,
पण डोळ्यांपुढे पेगी होती, माझी बायको,
पहाटे कोंबड्यांना दाणे टाकताना ओळ देणारी,
आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी, फावडं हातात,
ऐकत असून न उचलणारा.
ऐग्रिगला हो म्हटलं असतं
तर ही अडतीस वर्षं कोणत्या खात्यात मांडायची?

मार्चच्या बर्फात तोरक्विल गेला.
घरी प्रार्थनेला जमलो, दाटीवाटीने, ओल्या लोकरीच्या वासात.
पलीकडच्या गावातून गायक बोलावला होता,
त्याची गाडी खिंडीत रुतली.
पाळकाने स्तोत्राचा क्रमांक सांगितला
आणि मग काहीच झालं नाही.
हेक्टर मास्तरांनी घसा साफ केला. तेवढंच.
प्रेताच्या उशाशी घड्याळ, त्याचीच काय ती टिकटिक.

स्वयंपाकघरात कपबशा विसळत होत्या.
नळ बंद झाला.
आणि तिथून ओळ आली,
तोरक्विलचीच मुरड, शेवटच्या स्वराआधी जराशी थबकणारी,
फक्त उंचावरून.

मी ठरवून काही केलं नाही.
घसा माझा होता, एवढं मान्य करतो.
कालम नेहमीसारखा अर्ध्या ओळीने मागे.
मास्तर पहिल्या ओळीला ओठ मिटून,
दुसरीला मान खाली,
तिसरीला त्यांचा खर्ज मी माझ्या बरगड्यांत ओळखला.
ऐग्रिग उंबऱ्याबाहेरच राहिली.
आत ये, म्हणायचं कुणाला सुचलं नाही,
थांब, म्हणायचंही नाही.

सकाळी पुरुषांनी शवपेटी खांद्यावर घेतली.
बायका फाटकापाशी थांबल्या, थांबतात तशा.
तीही थांबली, बापाच्या बुटांत, साबणाने सुरकुतलेले हात काखेत.
त्यावर मत घ्यावं असं आजवर कुणी सुचवलेलं नाही.

एप्रिलच्या सभेत मी वाचून दाखवलं:
‘तोरक्विल यांच्या घरी ओळ दिली गेली. मंडळीने उचलली.’
वाक्यात कर्ता नाही.
तोरमोदने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
कालम म्हणाला, मंजूर.
हीटर खोकला.

घरी आलो. कोंबड्या अंगावर धावून आल्या.
दाणे टाकता टाकता पेगीची चाल धरायला गेलो,
पहिला शब्द आला,
दुसऱ्याला वळण कुठे होतं ते आठवेना.

ऐग्रिगला विचारायला हवं.